बोर्डात आलेली फुफ्फुसं

आमचे श्रीपादराव दहावीला बोर्डात आले होते. हे मी सांगत नाही, ते सांगतात. मला बघायला आले तेव्हा चहा यायच्या आधी सांगितलं, दिल्लीत, द्वारकेतल्या ह्या फ्लॅटची वास्तुशांत झाली तेव्हा गुरुजींना सांगितलं, आणि परवा मेट्रोत शेजारी बसलेल्या एका सरदारजींना सांगितलं. सरदारजी भले गृहस्थ, राजीव चौकापर्यंत मान डोलवत राहिले.

मला त्याचं काही नाही. माणूस हुशार आहे, ते मी कधी नाकारलं नाही. पण बोर्डात आलेल्या माणसाचं एक असतं. त्याला कुणी काही विचारलं की तो उत्तर देत नाही, पेपर सोडवतो. रक्त तपासायचं ठरलं की आमच्याकडे आठवडाभर आधी अभ्यास सुरू होतो. साखर बंद, भात बंद, लिफ्ट बंद. मग रिपोर्ट येतो, सगळं रेंजमध्ये, आणि त्याच संध्याकाळी हे कोपऱ्यावरच्या हलवायाकडून गरम जिलबी घेऊन येतात. मी एकदा म्हटलं, "अहो, तपासणी तुमची आहे, लॅबवाल्याची नाही. त्याला फसवून तुम्हाला काय मिळणार?"

"फसवलं कुठं?" म्हणाले. "तयारी केली."

आता ह्या माणसानं पंचवीसेक वर्षं सिगरेट ओढली. गुरगावच्या ऑफिसात प्रत्येक मीटिंगच्या आधी एक आणि नंतर एक. मग सोडली. सोडली हे उत्तमच केलं, पण सोडल्या दिवसापासून ह्यांच्या मते फुफ्फुसांची पाटी कोरी झाली. सकाळी उठल्यावर जो खोकला चालायचा त्याचं नाव 'गळा साफ करणं'. जिन्यात दम लागला तर ती दिल्लीची हवा. छातीत शीळ वाजली तर पंजाबवाले पराळी, म्हणजे शेतातला भाताचा पेंढा, जाळतात म्हणून. जून महिन्यातसुद्धा पंजाबवालेच. जूनमध्ये ते लोक भात लावत असतात हो, जाळत नसतात, हे मी सांगून पाहिलं. "तू त्यातली एक्स्पर्ट आहेस का?" म्हणाले.

एक्स्पर्ट नाही, पण मला दमा आहे. शाळेत असल्यापासूनचा. रोजचा पंप बाथरूमच्या कपाटात असतो आणि एकदम धाप लागली तर घ्यायचा निळा पंप माझ्या पर्समध्ये. त्याच्या जिवावर मी नोकरी केली, दोन बाळंतपणं केली, दिल्लीतले इतके हिवाळे काढले. आणि एवढी सगळी वर्षं ह्यांनी त्या निळ्या पंपावरून मला सोडलं नाही. पाहुणे आले की ठरलेला विनोद, "आमची ही पंपावर चालते, स्टोव्हसारखी." पाहुणे गेले की ठरलेला उपदेश, "सवय लागते गं त्याची. विलपॉवर वाढव." मी ऐकून घ्यायची. दम्याच्या माणसानं भांडणात श्वास घालवू नये, हे मला लहानपणीच कळलं होतं.

रिटायर झाल्यावर ह्यांचं काय होणार अशी मला काळजी होती. जन्मभर स्लाइड्स बनवलेला माणूस, घरी बसून भाजी निवडेल असं थोडंच होतं? पण सोसायटीनं ह्यांना आरोग्य समितीचं प्रमुख केलं आणि माझी सुटका झाली. पहिलाच कार्यक्रम, 'फुफ्फुसांचे जुनाट आजार : जागतिक ओझे आणि आपण'. क्लब हाउसमध्ये प्रोजेक्टर लावला. जगात किती कोटी लोकांना दमा आहे, किती कोटींच्या श्वासनळ्या कायमच्या आकसल्या आहेत, मृत्यूच्या पहिल्या काही कारणांत हा आजार कसा बसतो, मरणारे बहुतेक गरीब आणि मध्यम देशांतले कसे, चुलीचा धूर, तंबाखू, कारखान्यातली धूळ. सगळं बिल्कुल खरं, सगळं मुद्देसूद. शेवटची स्लाइड लाल रंगात होती: 'अनेक रुग्णांचं निदानच होत नाही. तपासणी टाळू नका.'

लोक खूश झाले. एक बाई मला म्हणाल्या, "कितने विनम्र हैं भाईसाहब, हर स्लाइड के बाद पूछते हैं कोई सवाल?" मी हसले. प्रत्येक स्लाइडनंतर हे 'काही शंका?' का विचारत होते ते त्या हॉलमध्ये मला एकटीला कळत होतं. समोरचा शंका विचारेपर्यंत ह्यांना श्वास घ्यायला सवड मिळत होती.

भाषणानंतर मोफत तपासणी शिबिर. आमच्याच सोसायटीतली डॉक्टर निधी मशीन घेऊन आली होती. छातीच्या रोगांची डॉक्टर, मराठी घरातली, पण जन्म-शाळा सगळं दिल्लीत, त्यामुळे तिच्या मराठीत हिंदी सारखी डोकावते. मशीन म्हणजे लॅपटॉपला जोडलेली एक नळी. नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत एका दमात फुंकायचं. निधी शेजारी उभी राहून ओरडायची, "फूंको, फूंको, और, और, और, रुको मत." शांत पोरगी, पण त्या वेळी कुस्तीच्या आखाड्यात उभी असल्यासारखी वाटायची.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये हेरंबराव राहतात. पुण्याचेच, ह्यांच्याच वयाचे, आणि आमच्या दुर्दैवानं तेही बोर्डात आलेले. त्याच वर्षी. ह्यांच्या दोन नंबर वर. चौदा वर्षं समोरासमोर राहतायत, रोज सकाळी एकत्र चालायला जातात, आणि अजून त्या दोन नंबरांचं काही मिटलेलं नाही. हेरंबरावांनी नळीत फुंकलं. निधी म्हणाली, "वा काका, शंभरच्या वर आलं."

"शंभराच्या वर कसं येईल?" आमचे श्रीपादराव.

"काका, तुमच्या वयाच्या, उंचीच्या माणसाकडून जेवढं एक्स्पेक्ट करतो ना, त्याच्याशी कम्पेअर करतो. त्यामुळे जास्त येऊ शकतं."

"म्हणजे बोनस मार्क आहेत," हे म्हणाले आणि रांगेतून बाजूला झाले. आयोजकानं मध्ये घुसू नये, आधी इतरांचं होऊ दे, अशी काहीतरी कारणं दिली. शेवटी मशीन बंद करायची वेळ झाली. पण निधीनं ह्यांची छाती ऐकली होती. ती मला हळूच म्हणाली, "काकू, आवाज ठीक नाहीये. गुरुवारी क्लिनिकला घेऊन याच." आणि ह्यांना नीट समजावून सांगितलं की त्या दिवशी सकाळपासून कुठलाही पंप घ्यायचा नाही. आधी औषधाशिवाय फुंकायचं, मग ती औषध देणार, मग परत फुंकायचं. ह्यांनी मन लावून ऐकलं.

मग काय, अभ्यास. पहाडगंजच्या होलसेल दुकानातून फुग्यांचं मोठं पाकीट आलं. सकाळ-संध्याकाळ हे बाल्कनीत बसून फुगे फुगवायचे. तोंड लाल, डोळे बाहेर, आणि दर फुग्यानंतर दहा मिनिटं खोकला. यूट्यूबवर कुणीतरी फुंकण्याचं तंत्र शिकवत होता, तो आमच्या हॉलमध्ये दिवसभर ओरडायचा. फुग्यांचं काय करायचं म्हणून मी खाली मुलांना वाटले. मुलांना वाटलं आमच्याकडे रोज कुणाचा तरी वाढदिवस आहे.

गुरुवारी क्लिनिकला गेलो. मी काउंटरवर नाव सांगायला गेले, तेव्हा पर्स ह्यांच्या मांडीवर ठेवली. परत आले तर पर्स खुर्चीवर आणि हे बाथरूममध्ये. बऱ्याच वेळानं आले. "परीक्षेच्या आधी जाऊन यायची सवय आहे मला," म्हणाले. हात थोडे थरथरत होते. मला वाटलं, धास्ती. खरं सांगते, मला दया आली.

निधीनं विचारलं, "काका, आज सकाळपासून पंप वगैरे?"

"माझ्याकडे पंपच नाहीये," हे म्हणाले. ठणठणीत आवाजात, तिच्या डोळ्यांत बघून.

फुंकलं. परत फुंकलं. निधीनं औषध दिलं, थांबवलं, मग पुन्हा फुंकायला लावलं. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली. म्हणाली, "अजीब आहे. शिबिरात मला वाटलं होतं... पण नॉर्मल आहे. औषधानंही काही फरक नाही. महिन्याभरानं एकदा परत या काका, मला बघायचंय." महिन्याभरानं जातंय कोण? पास झालेला मुलगा परत पेपर द्यायला जातो का?

रिपोर्टाचा फोटो 'द्वारका मराठी परिवार' ग्रुपवर गेला. खाली लिहिलं, 'पंचवीस वर्षं धूम्रपान करूनही. इच्छाशक्ती.' मूळ कागद लॅमिनेट होऊन शोकेसमध्ये गेला, नातवंडांच्या फोटोंच्या पुढ्यात. आणि माझ्यावरचा उपदेश दुपटीनं वाढला. मी रोजचा पंप घ्यायला बाथरूमकडे निघाले की हे शोकेसकडे बोट दाखवायचे.

त्यानंतरच्या दिवसांत माझ्या डोक्यात काहीतरी बिघडायला लागलं.

निळा पंप पर्समध्ये नसायचा. मी ठेवलेला असायचा, मला पक्कं आठवायचं, आणि तो नसायचा. मग तो चपलांच्या रॅकवर सापडायचा. कधी टोस्टरच्या मागे. एकदा तुळशीच्या कुंडीत. मी कशाला ठेवीन तुळशीच्या कुंडीत पंप? शिवाय तो फार लवकर संपायला लागला. म्हणजे मी घेत होते आणि घेतल्याचं विसरत होते, असा त्याचा अर्थ. माझ्या आईचं शेवटी असंच झालं होतं. सुरुवात चष्म्यापासून झाली आणि शेवटी तिला मी कोण ते आठवेना. मी फार घाबरले.

श्रीपादराव एरवी माझ्या चुकीवर कधी गप्प बसायचे नाहीत. ह्या वेळी मात्र मऊ आवाजात म्हणाले, "होतं गं वयानुसार. बी-ट्वेल्व्ह तपासून घे." त्या मऊ आवाजानं मी जास्त घाबरले. बी-ट्वेल्व्ह तपासलं, ठीक आलं. म्हणजे त्याहून वाईट काहीतरी असणार, असं मी मनाशी धरलं. मुलाला पुण्याला फोन केला तर बोलता बोलता गप्प झाले, सांगवेना. एका संध्याकाळी हेरंबराव आले होते, मी चहात साखर घालायची राहिली, तर हे त्यांच्याकडे बघून आपल्या डोक्याशी बोट फिरवताना मला दिसले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग पंपावर नेलपॉलिशचा मोठा लाल ठिपका काढला, कुठंही पडला तरी चटकन दिसावा म्हणून.

जानेवारीत, संक्रांतीच्या आसपासच्या रविवारी, ह्यांनी 'फुफ्फुसांसाठी चला चालू या' असा कार्यक्रम ठेवला. त्या आठवड्यात हवा इतकी खराब होती की लहान मुलांच्या शाळा बंद, बांधकामं बंद, ट्रक शहराच्या वेशीवर अडवलेले. समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. मी म्हटलं, "अहो, ह्या हवेत फुफ्फुसांसाठी घरात बसायला हवं. पुढं ढकला."

"बॅनर छापून झालाय," म्हणाले.

तर सकाळी आठ वाजता सोसायटीच्या गेटवर पांढरे टी-शर्ट घातलेली चाळीस-पन्नास माणसं जमली. टी-शर्टावर हिरवी फुफ्फुसं. सेक्टरला फेऱ्या मारायच्या होत्या. हे आणि हेरंबराव सगळ्यात पुढे, एकमेकांकडे न बघता, एकमेकांपेक्षा अर्धं पाऊल पुढे राहायच्या खटपटीत. मी तोंडाला मास्क लावून टेबलापाशी तिळगूळ वाटत उभी राहिले.

पहिली फेरी करून मंडळी आली तेव्हा हे हेरंबरावांच्या मागे होते. बरेच मागे. गेटपाशी आले आणि बॅनरच्या खांबाला धरून खाली बसले. चेहरा राखेसारखा, ओठ निळसर. तोंड उघडं, आणि छातीतून शीळ. ती शीळ मी माझ्या छातीतून आयुष्यभर ऐकली आहे. कुठली पराळी आणि कुठली दिल्ली, हा दमा होता, मला तिथल्या तिथं कळलं. माझ्या पंपाचे चार-पाच दम दिले तर गाडी येईपर्यंत तग धरतील, हेही कळलं. मी पर्स उघडली.

पंप नव्हता.

मी पर्स फुटपाथवर उलटी केली. किल्ल्या, कंगवा, मेट्रोचं कार्ड, तिळगुळाच्या पुड्या, औषधाच्या दुकानाची बिलं. मी गुडघ्यावर बसून वेड्यासारखी हातानं चाचपत होते. लोक भोवती उभे होते. मी मोठ्यानं म्हणत होते, मी ठेवला होता, मी सकाळी ठेवला होता. मला वाटलं, झालं. माझ्या विसरण्यापायी माझा नवरा माझ्या डोळ्यांसमोर चालला. हे माझ्याकडे बघत होते. त्यांचा एक हात जॅकेटच्या खिशात होता. मला वाटलं, थंडीनं.

हेरंबरावांनी गाडी काढली. जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. तिथल्या डॉक्टरनं लगेच ऑक्सिजन लावला, ईसीजीच्या तारा जोडल्या. मी म्हणाले, "डॉक्टरसाहब, ये दमा है. मुझे बचपन से है, मैं पहचानती हूँ." तर हेरंबरावांनी मदत म्हणून आपला फोन पुढे केला. ग्रुपवरचा रिपोर्ट. "इनके लंग्ज तो नॉर्मल हैं, ये देखिए. दो महीने पहले का है."

डॉक्टरनं रिपोर्ट वाचला. त्याचं काय चुकलं? समोर कागद होता. म्हणाला, "आंटी, रिपोर्ट तो बिल्कुल साफ है. दवा से भी फर्क नहीं था. उमर है, सिगरेट की हिस्ट्री है. हार्ट फेल होने से भी ऐसी ही सीटी बजती है. पहले हार्ट देखेंगे." त्यानं फोन लावला. हृदयाचे डॉक्टर, रक्ताच्या तपासण्या, बहुतेक अँजिओग्राफी. आणि इकडे पलंगावर शीळ बारीक होत चालली होती. शीळ बारीक झाली की बाहेरच्या माणसाला वाटतं उतार पडला. उतार नसतो तो. वाजायलासुद्धा हवा आत जात नसते.

कपडे बदलायला सिस्टरनं ह्यांचं जॅकेट काढलं आणि खिसे रिकामे केले. रुमाल, मोबाइल, आणि निळा पंप.

"ये किसका है?" तिनं विचारलं.

त्याच्यावर लाल ठिपका होता.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ऑक्सिजनच्या मास्कवर दोन डोळे, आणि ते डोळे माझ्याकडे नव्हते, हेरंबरावांकडे होते. मग ह्यांनी हात उचलला, मोठ्या कष्टानं, आणि माझ्याकडे बघून हलवला. नको. सांगू नकोस. ज्याला श्वास घेता येत नव्हता त्या माणसानं उरलेला जीव तेवढ्यासाठी खर्च केला.

एका क्षणात मला सगळं दिसलं. मांडीवरची पर्स, बाथरूम, थरथरणारे हात. तो थरथराट मला माहीत असायला हवा होता, पंपाचे जास्त दम घेतले की माझे हातही तसेच थरथरतात. तुळशीची कुंडी. बी-ट्वेल्व्ह. मी वाकून विचारलं, "त्या गुरुवारीही हाच?" ह्यांनी डोळे मिटले.

मी सरळ उभी राहिले आणि त्या डॉक्टरला, सिस्टरला आणि हेरंबरावांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ये मेरा पंप है. इन्होंने टेस्ट से पहले चोरी से लिया था. वो रिपोर्ट झूठी है. दमा है इनको, दमे का इलाज कीजिए."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं, पंपाकडे बघितलं आणि फोन ठेवला. मग भराभर झालं. वाफेचं मशीन, शिरेतून इंजेक्शन. दुपारपर्यंत ओठांना रंग आला. हृदय ठीक होतं. हृदयाची तक्रार माझी होती, ती कुणी तपासली नाही.

संध्याकाळी निधी आली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती पलंगाशी बसली आणि शांतपणे म्हणाली, "काका, त्या दिवशी पंप न घेता फुंकलं असतं तर आकडा कमी आला असता. मग मी औषध दिलं असतं आणि तो एकदम वर गेला असता. मला तेवढा फरकच बघायचा होता. तो फरक म्हणजेच डायग्नोसिस. दमा आहे तुम्हाला, मोठेपणी सुरू झालेला, त्यावर सिगरेटनं आपलं काम केलंय. रोजचा पंप नोव्हेंबरमध्येच सुरू झाला असता. आजचं हे काही झालंच नसतं." थोडं थांबून म्हणाली, "ज्यानं तुम्ही पास झालात ना काका, तेच उत्तर होतं. तुम्ही ते लपवलं."

निधी गेल्यावर हे मला म्हणाले, "हेरंब काय म्हणाला?"

तिथं माझा संयम संपला. "हेरंबराव गेले खड्ड्यात," मी म्हणाले. "माझं काय?"

"तुझं काय?"

"मला आईसारखं होतंय असं वाटत होतं मला. मी रोज रडत होते. तुम्ही मला मऊ आवाजात बी-ट्वेल्व्ह सांगत होतात. सकाळी मी रस्त्यावर पर्स उलटी केली, तुम्ही बघत होतात. पंप तुमच्या मुठीत होता. घ्यायचा नव्हता तर नुसता काढून मला दाखवायचा. मी दिला असता."

ह्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सगळे बघत होते गं."

तेवढंच. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांनी एखाद्या प्रश्नाचं तयारी न केलेलं उत्तर दिलं. मला खूप रडू आलं आणि खूप रागही आला, आणि त्यातलं आधी काय करायचं ते सुचेना म्हणून मी ह्यांचा मोबाइल त्यांच्या हातात दिला. "ज्या ग्रुपवर रिपोर्ट टाकलात तिथं लिहा," म्हटलं.

लिहायला लागले. 'काही तांत्रिक कारणांमुळे आधीच्या अहवालात...' मी पुसून टाकलं. 'जगभरात या आजाराचे निदान चुकण्याचे प्रमाण...' तेही पुसलं. मग कसंबसं लिहिलं, 'वीणाचा पंप मी चोरून घेत होतो. टेस्टच्या दिवशीही. ती काही विसरत नाही.' पाठवायचं बटण मी दाबलं नाही. त्यांनाच दाबायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेरंबराव हॉस्पिटलात आले. हातात तिळाच्या वड्यांचा डबा. ह्यांच्या पलंगाकडे न बघता मला बाहेर बोलावलं आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "वहिनी, निधी क्लिनिकला कधी बसते?"

"कशाला हो?"

"काही नाही. थंडीत मलाही जरा रात्रीचा खोकला असतो." मग भिंतीवरच्या हात धुवायच्या सूचना वाचत म्हणाले, "शिबिराच्या दिवशी सकाळी मीही घेतला होता. आमच्या अथर्वचा."

अथर्व म्हणजे त्यांचा नातू. दुसरीत आहे.

मी आत आले. अनेक रुग्णांचं निदानच होत नाही, ही ह्यांची लाल स्लाइड मला आठवली. का होत नाही ते त्या स्लाइडवर नव्हतं, आता मी सांगू शकते. ह्यांना काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण दार उघडं होतं आणि बोर्डात आलेल्या माणसाचे कान चांगले असतात. नाकात ऑक्सिजनची नळी, हातात सुई, आणि हे पलंगावर ताठ उठून बसले होते. दोन दिवसांत पहिल्यांदा चेहऱ्यावर टवटवी.

"म्हणजे त्याचे शंभर धरायचे नाहीत," म्हणाले.

मी टेबलावर ठेवलेला त्यांचा नवा पंप उचलून त्यांच्या हातात दिला आणि सगळ्या वॉर्डासमोर घ्यायला लावला, सावकाश, श्वास रोखून, निधीनं शिकवला होता तसा. माझा लाल ठिपक्याचा पंप मी पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. मला नीट आठवतंय, लावली.